मालक कशाला हसायचे

बेळगावच्या आमच्या वडगावात दुपारी डोळा लागायचा तर यंत्रमागाच्या खडखडाटातच लागतो. इथे जन्मलेल्या माणसाला उलट तो आवाज थांबला की जाग येते. लग्न होऊन या घरात आले तेव्हा मला हे खोटं वाटायचं. आता वीज गेली की मीही दचकून उठते आणि सगळी गल्ली कुठे गेली म्हणून बघत बसते.

आमचे स्वतःचे माग केव्हाच मोडीत गेले. त्या खोलीत आता पुस्तकं असतात. जुनी, लोकांच्या घरची, विकायला आलेली. शेजाऱ्यांचे माग भिंतीपलीकडे चालू असतात, त्यामुळे माझी कपाटं दिवसभर बारीक थरथरतात. जेवण झाल्यावर मी त्यांच्यासमोर चटईवर आडवी होते आणि अर्धवट झोपेत मला पानं उलटल्यासारखं ऐकू येतं. उठून बघितलं तर काही नसतं.

माझं दुकान फोनमध्ये आहे. पुस्तकाचा उन्हात फोटो काढायचा, पानं पिवळी पडलीत, कोपरा दुमडलाय हे इमानाने लिहायचं, किंमत टाकायची आणि वाट बघत बसायचं. पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या पुस्तकाला ते अ‍ॅप असा कसला तरी नंबर मागतं, जो त्या काळी जन्मालाच आला नव्हता. एकदा मी शब्दकोश टाकला तर तो त्याने गृहसजावटीत नेऊन बसवला. आणि गिऱ्हाइकं! नमस्कार नाही, चमत्कार नाही, थेट 'लास्ट किती?' एकाने पुस्तक परत पाठवलं आणि कारण दिलं, 'वापरलेलं निघालं.' जुनं पुस्तक म्हणून घेतलेला माणूस हा! एका चहाच्या दुकानवाल्याला भिंतीवरच्या फळीसाठी तपकिरी पुठ्ठ्याची पुस्तकं हवी होती, आत काय असेल ते चालेल म्हणाला. मी त्याला काय उत्तर दिलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

पण एखाद्या सकाळी फोन टिंग करतो आणि कळतं की कुणीतरी लांबच्या गावात बसून, मी पुसून ठेवलेलं पुस्तक मागितलंय. तेव्हा मला अजूनही बरं वाटतं.

निपाणीजवळच्या त्या घराचा निरोपही फोनवरच आला. बेंगळूरला नोकरी करणाऱ्या एका गृहस्थाने माझी पुस्तकं अ‍ॅपवर बघून लिहिलं होतं, 'वडिलांची पुस्तके आहेत. आई गावी एकटी असते, गुढीपाडव्याला तिला इकडे आणणार आहे. त्याआधी कपाट रिकामे करायचे आहे. जे विकले जाणार नाही ते रद्दीत देईन.' हिवाळा नुकता लागला होता. मी म्हटलं, बघून तरी येऊ.

बसने निपाणी, तिथून कोगनोळीच्या वाटेवर वडापची जीप. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना शेतात तंबाखू वाळत घातलेली होती. तिचा वास आधी नाकाला झोंबतो, मग घशाशी बसतो आणि थोड्या वेळाने डोळ्यांवर गुंगी आणतो. वडापमधली सगळीच माणसं पेंगत होती. मी उतरले तेव्हा मला मी कुठे आलेय हे क्षणभर समजेना.

घर साधं होतं, जैन शेतकऱ्या-व्यापाऱ्याचं. पुढे ओसरीसारखा सोपा, सोप्यात एक लाकडी बाकडं, मागच्या दाराबाहेर परडं आणि परड्यात गोठा. गोठ्यात एकच म्हैस उरली होती. घरातल्या आजींना सगळं गाव आक्का म्हणायचं, मीही आक्का म्हणाले. बारीक अंगाची, ताठ बाई. तिने मला चहा दिला, माझ्या पिशवीकडे संशयाने बघितलं आणि कपाट उघडलं.

आत एकही पुस्तक दिसेना. नुसती गाठोडी. प्रत्येक गाठोडं स्वच्छ कापडात, चारी टोकं वर घेऊन, एकसारख्या गाठीने बांधलेलं.

"सुरतपंचमीला बांधतो मी," आक्का म्हणाली. "दर साली. नवीन कापडात."

ज्येष्ठातल्या श्रुतपंचमीला जैन घरांतून ग्रंथ बाहेर काढतात, पुसतात, नव्या वेष्टनात बांधतात, त्यांची पूजा करतात. ते मला माहीत होतं. पण ते धर्मग्रंथांचं. इथे तर सगळं कपाटच बांधलेलं होतं. मी हात धुऊन आले, कारण तसंच करावंसं वाटलं, आणि पहिलं गाठोडं सोडलं. आतून अक्षता ओघळल्या. मग निघालं ते बसचं जुनं वेळापत्रक होतं. दुसऱ्या गाठोड्यात पाण्याच्या पंपाची माहितीपुस्तिका होती. तिसऱ्यात कादंबरी होती खरी, पण तिच्यावरही अक्षता होत्याच.

सांगावं की नाही या विचारात मी थोडा वेळ घालवला. शेवटी सांगून टाकलं, "आक्का, हे बसचं वेळापत्रक आहे."

"मग काय झालं?" ती म्हणाली. "बसबी माणसाला ठिकाणाला पोचवतीयच की."

तेव्हा मला समजलं की तिला यातलं काहीच वाचता येत नव्हतं. तिचं माहेर अथणीकडचं, शाळा झाली ती कन्नड. कन्नड वाचायला येत होतं, मराठी बोलायला येत होतं, पण ही अक्षरं तिला कुणी शिकवली नव्हती. छापलेला कागद तेवढा पवित्र, असं धरून ती सगळं आयुष्यभर बांधत आणि पूजत आली होती. मी हसले असते, पण तिच्याकडे बघून हसवेना.

मी पुस्तकं पिशवीत भरायला लागले तशी तिने माझा हात धरला.

"असं उचलून न्यायचं न्हाई. आदी एक-दोन पानं मला वाचून दाखवायची. एकेकाची. मग न्हे."

"कशाला आक्का?"

तिने बाकड्याकडे बोट दाखवलं. मग नवऱ्याबद्दल म्हणाली, "मालक सांजचं हितं बसायचे. हातात पुस्तक. आणि हासायचे गं. मोठ्यानं न्हवं, नुसतं पोट हलायचं. मी आत आलो की गप. काय हासताय म्हटलं तर काय न्हाई म्हणायचे. लई कमी बोलणारा माणूस. माझ्यासंगट बसून कवा एकदा हासले न्हाईत. सगळं हासू ह्या कागदास्नी दिलं. ह्यात असं काय हुतं, ते मला बघायचंय. मालक तर गेले. आता पुस्तकंबी चालली, मीबी चाललो. त्या आदी कळायला पायजे."

हे ती रागाने बोलत होती. एखाद्या सवतीबद्दल बोलावं तसं. मी पिशवी खाली ठेवली.

त्या हिवाळ्यात मी आठवड्याला एकदा तरी जायचे. सोप्यात चटईवर आम्ही दोघी बसायचो. मी गाठ सोडायची, अक्षता वाटीत गोळा करायच्या, नाव सांगायचं आणि वाचायला लागायचं. ती वेष्टनाची घडी घालून मांडीवर ठेवायची आणि डोळे मिटायची. बाहेर ऊन पिवळं होत जायचं. तंबाखूचा वास दारातून आत यायचा आणि आमच्यात येऊन बसायचा. वाचता वाचता माझाच आवाज मला लांबून आल्यासारखा वाटायचा. कुठल्याशा राजाची स्वारी निघायची, कुणी बाई आगगाडीत बसायची, कुणी पहिल्याच पानावर मरायचं, आणि मध्येच म्हैस शेपटी आपटायची, की आम्ही दोघी निपाणीजवळ परत यायचो. मला ते दिवस एकापासून एक वेगळे करून आठवत नाहीत. एकच लांब दुपार आठवते.

विनोदी पुस्तकं निघाली तेव्हा मला वाटलं, सुटलो. एका कथेत जाडा माणूस केळीच्या सालीवरून घसरून मंडईभर लोळत जातो. मी अगदी रंगवून वाचलं. आक्काचा चेहरा जसा होता तसा.

"लागलं आसंल की त्येला," ती म्हणाली. "ह्यात काय हासायचं? मालक पडलेल्या माणसाला हासणारे न्हवते. हे न्हे तू."

मी नेहमीप्रमाणे पानं-कोपऱ्यांची स्थिती मोठ्याने बोलत फोनमध्ये टिपली आणि पुस्तक नेलं. असं वाचून झालेलं एकेक पुस्तक माझ्याबरोबर वडगावला यायचं, उन्हात बसून फोटो काढून घ्यायचं आणि थोड्या दिवसांत कुठेतरी निघून जायचं. ठाण्याला, नागपूरला, एक तर इंदूरला गेलं. आक्काला दर वेळी सांगावं लागायचं. "लई लांब गेलं बाई," ती म्हणायची, आणि मुलगी सासरी पाठवल्यासारखी त्याचं रिकामं वेष्टन कुरवाळायची. एका गिऱ्हाइकाने तंबाखूचा वास येतो म्हणून पुस्तक परत पाठवलं आणि वर एकच तारा देऊन माझी अब्रू काढली. ते मी तिला सांगितलं नाही.

पण एकदा तिच्या डोक्यात आलं, "आपण दोन पानंच वाचतो. हासायचं पुढं आसंल तर? घेतलेल्यांस्नी विचार की, हासू आलं काय म्हणून."

आणि मी, चांगली शिकलेली बाई, खरंच लोकांना निरोप पाठवले. 'आपण घेतलेल्या पुस्तकात हसू येण्यासारखे काही आढळले का? कृपया कळवावे.' एकाने मला ब्लॉक केलं. एकाने विचारलं, ही काही स्कीम आहे का. नागपूरच्या बाईंनी लिहिलं की पुस्तक वाचून त्या रात्रभर रडल्या, हसण्याचं म्हणाल तर काही नाही. मी तेही आक्काला वाचून दाखवलं. "बिचारी," ती म्हणाली, आणि पुढचं गाठोडं माझ्याकडे सरकवलं.

होळी झाली. पाडवा जवळ आला. कपाट खालपर्यंत रिकामं होत आलं तशी माझी धाकधूक वाढली. ही बाई हा प्रश्न तसाच घेऊन बेंगळूरच्या कुठल्या तरी मजल्यावर जाऊन बसणार, याचं मला वाईट वाटत होतं. मी तर मनाशी ठरवलंही होतं, एखादा मजेशीर उतारा स्वतःच रचून वाचून दाखवायचा. पण ती डोळे मिटून ऐकायची ना, ते बघितलं की खोटं बोलायचं धाडस होत नसे.

शेवटच्या फळीवर मागे एक मध्यम आकाराचं गाठोडं होतं. मी गाठ सोडली. पुस्तकाचा एक कोपरा कुणीतरी कुरतडलेला होता. असलं पुस्तक कोण घेतंय, असं मी म्हणणार, तेवढ्यात आक्काने हात पुढे करून त्या कोपऱ्यावरून बोट फिरवलं आणि डोळे उघडले.

"वासरानं चगाळलेलं हे," ती म्हणाली. "वासरू सुटून सोप्यात आलतं. मालक हासण्यात एवढे दंग, हातातलं पुस्तक वासरू खातंय ते बी कळलं न्हाई. हेच गं. हेच असायचं सांजचं त्येंच्या हातात. नाव काय?"

मी नाव बघितलं आणि वाचून दाखवलं. 'तंबाखूवरील रोग व त्यांचे निवारण.'

"वाच," ती म्हणाली.

मी वाचलं. पानांवर पिवळे ठिपके दिसू लागल्यास काय करावं. रोगट रोपं उपटून जाळून टाकावीत. वाफ्यात पाणी साचू देऊ नये. दोन पानं झाली, चार झाली. मी मधलं उघडलं, शेवटचं उघडलं. अळ्या, बुरशी, फवारणी. हसण्यासारखं एक अक्षर नव्हतं.

आक्काने वेष्टनाची घडी माझ्यापुढे ठेवली.

"म्हंजी ह्यातबी न्हवतं," ती म्हणाली. तिचा आवाज इतका बारीक मी कधी ऐकला नव्हता. "येडी मी. जाऊ दे. धारंची येळ झाली."

ती तांब्या घेऊन परड्यात गेली. मला चैन पडेना. अजून एखादं पान चाळावं म्हणून मी उजेडाला बाकड्यावर जाऊन बसले. इतक्या दिवसांत मी त्या बाकड्यावर एकदाही बसले नव्हते, आम्ही चटईवरच बसायचो. तिथून मागचं दार सरळ समोर येत होतं. दारातून गोठा, म्हैस आणि म्हशीपाशी बसलेली, माझ्याकडे पाठ केलेली आक्का.

आणि ती बोलत होती. कन्नडमध्ये, म्हशीशी, अगदी मैत्रिणीशी बोलावं तसं. मला कन्नड येतं, बेळगावात कुणाला येत नाही? ती म्हशीला माझ्याबद्दलच सांगत होती. ही वडगावची बाई वाचते ते बस चुकेल म्हणून पळाल्यासारखी. साखर नको म्हणते आणि गूळ मात्र डबा संपेपर्यंत खाते. पुस्तक विकून पोट भरतं का कुणाचं, हिचा नवरा काय करतो कुणास ठाऊक, पण मनाची चांगली आहे, फक्त नाकात बोलते. मग तिने माझ्यासारखं नाकात बोलून दाखवलं, "पानं पिवळी, कोपरा दुमडलेला, स्थिती उत्तम."

मी पुस्तक तोंडापुढे धरलं आणि पोट हलेपर्यंत हसले.

ती तांब्या घेऊन आत आली. "काय हासतीस गं?"

काही नाही, असं अगदी ओठांवर आलं होतं. तिथेच मी थांबले. मालकही हेच म्हणायचे.

"आक्का, मालकांना कन्नड यायचं?"

"न येऊन? तंबाखूचा सगळा येवार चिक्कोडी-अथणीकडं. मला बघायला आलते तवा माझ्या वडलांशी कन्नडच बोलले."

"मग जरा इथे बसा," मी म्हणाले, आणि उठून तिला बाकड्यावर बसवलं. "समोर बघा. इथून सगळं दिसतं. आणि तुम्ही म्हशीशी जे बोलता ते सगळं ऐकू येतं. एकूण एक शब्द."

तिने समोर बघितलं. पुस्तकाकडे बघितलं. पुन्हा समोर बघितलं. मी तिच्या हातातला दुधाचा तांब्या काढून घेतला.

"आई गं," ती म्हणाली. "सासूबाईस्नी काय काय बोललोय मी तितं बसून! आणि मालकांस्नी तर..." तिने तोंडाला पदर लावला. खांदे हलायला लागले, हसते आहे की रडते आहे ते कळेना. दोन्ही असावं. "एकदा म्हशीला म्हटलं, चुलीच्या धुरानं डोळं गेलं बाई माझं. आठ दिसांत ग्यास आला घरात. म्हायारला जाऊन लई दिस झालं म्हटलं, तर मालक दुसऱ्या दिवशी म्हणतात, चल, अथणीला काम हाय माझं. मला वाटायचं, म्हस गुणाची. हिला सांगितलं की हुतंय. म्हणून हिचं वाण मोडू दिलं न्हाई मी. ही त्याच म्हशीच्या पोटची, नात-पणती."

मग ती एकदम चिडली. "तोंडावर हासायचं हुतं की! मी काय खाल्लं असतं काय? असा कसा माणूस!" आणि मोकळी रडली. मीही रडले, त्यात लपवण्यासारखं काही नाही.

बाहेर ऊन उतरलं होतं. तंबाखूच्या वासात धुराचा वास मिसळायला लागला होता. आक्काने डोळे पुसले, माझ्या हातातलं रोगांचं पुस्तक नीट वेष्टनात बांधलं, चारी टोकं वर घेऊन, आणि ते बाकड्यावर ठेवून ती उठली. धार काढून झाली होती, तरी ती परत गोठ्यात गेली. म्हशीच्या पाठीवर हात ठेवून, बाकड्याकडे पाठ करून उभी राहिली. आणि कन्नडमध्ये बोलली. आता मोठ्याने, एकेक शब्द सुटा करून, पलीकडच्या माणसाला नीट ऐकू जावं अशा आवाजात.

"मला बेंगळूरला जायचं नाही. पोराचं मन मोडवत नाही म्हणून हो म्हटलं. तिथे मला करमायचं नाही. मी मरेन तिथे."

एवढंच. मग ती म्हशीपुढे वैरण टाकायला लागली.

बाकड्यावर त्या पुस्तकाशेजारी ऐकायला मी एकटीच बसले होते. दुसऱ्याच्या घरच्या भानगडीत पडायचं नाही हा माझ्या धंद्यातला पहिला नियम, कारण पुस्तकं विकायला काढणाऱ्या घरांत नेहमी काहीतरी चाललेलं असतंच. तरी मी पिशवीतून फोन काढला, अंगणात गेले आणि तिच्या मुलाला लावला. त्याने पहिलं विचारलं ते अण्णांचं, म्हणजे वडिलांचं, कपाट झालं का म्हणून.

"झालं," मी म्हणाले. "पण आक्कांना बेंगळूरला यायचं नाहीये. तुमचं मन मोडवत नाही म्हणून त्या बोलत नाहीत."

"मला तर हो म्हणालीय," तो म्हणाला. "तुम्हाला तसं सांगितलं तिनं?"

"मला नाही," मी म्हणाले. "म्हशीला."

पलीकडून त्याचा आवाज आला, मघाचा सगळा शहरीपणा गळालेला.

"म्हशीला सांगितलं म्हंजी खरंच न्हाई यायचं तिला," तो म्हणाला. "अण्णा आमाला सांगायचे. आई काय बोलती बघायचं न्हाई, म्हशीला काय सांगती ते ऐकायचं."